अर्ध्या भिंतीचा ताप

कुठल्याही नव्या जागी गेले की ते आधी नमस्कार करत नसत. आधी भिंतीला हात लावत. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू, आई लेकराच्या कपाळाला लावते तशी. डोळे अर्धे मिटून दोन-तीन श्वास थांबत, मग घरमालकाकडे वळून गंभीरपणे सांगत, "हिले ताप आहे." नमस्कार त्यानंतर.

घरमालक गोंधळे. पहिल्यांदा भेटणाऱ्याला हा माणूस वैद्य आहे, ज्योतिषी आहे की नुसताच उन्हाने डोकं फिरलेला आहे, ते कळत नसे. ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात होते. कागदावर कनिष्ठ अभियंता, पण आमच्या राळेगाव तालुक्यात त्यांना सगळे ओव्हरसियर सायब म्हणत. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं. त्यांनी बांधलेल्या एकाही शाळेच्या कोनशिलेवर त्यांचं नाव नाही. दगडावर नाव कोरलं की भिंतीच्या आधी नावच तापते, असं ते म्हणत.

उंच, वाळलेला माणूस. पांढरा शर्ट, त्याला दोन मोठे खिसे. उजव्या खिशात तापमापक आणि डाव्या खिशात लू लागू नये म्हणून कांदा. इंजिनियर माणूस कांदा बाळगतो याचं मला पहिल्यांदा हसू आलं होतं. ते म्हणाले, "बाई, तापमापक ऊन किती आहे थे सांगते. कांदा त्याचं काय करावं थे सांगते." पुढे एकदा एसटीत गर्दीने ते दाबले गेले आणि तापमापक फुटलं. कांदा शाबूत राहिला. तेव्हापासून तापाचं सगळं काम हाताच्या मागच्या बाजूवरच आलं.

माझी त्यांची गाठ पडली ती कापसाच्या आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वाईट वर्षांत. मी नुकतीच शिक्षणसेवक म्हणून लागले होते. माझे वडील ढाणकीच्या बाजारात हमाल होते, आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. त्यामुळे नेमणुकीचा कागद हातात आला तेव्हा शाळा कुठे आहे, कशी आहे, हे विचारण्याचंही मला सुचलं नाही. शाळा बंजारा समाजाच्या एका तांड्यावर होती. एक टिनाची खोली, चार वर्ग, दोन शिक्षक. त्यातले दुसरे गुरुजी कायम तालुक्याला मीटिंगला असत, म्हणजे एक.

टिनाची खोली काय असते ते तुमच्यापैकी काहींनी अनुभवलं असेल. ऑक्टोबरच्या उन्हातही पोरं पाटी मांडीवर घेत नसत, मांडी भाजे. जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धी पोरं परत येत नसत आणि आलेली अर्धी झोपत. मी कथा सांगे, गाणी म्हणे, हातवारे करे. तरी माना पडत. रोज संध्याकाळी एसटीत बसून मी स्वतःला विचारे की आपल्याला शिकवता येत नाही, हे वडिलांना कसं सांगायचं.

अशाच एका दुपारी सायकलवरून हे गृहस्थ उतरले, आत आले, टिनाला हात लावून झटक्यात मागे घेतला, झोपलेल्या पोरांकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले. चोरी पकडली गेल्यासारखं माझं तोंड झालं असावं.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या शिकवण्यात काही खोट नाही. या छपराखाली मी झोपलो असतो."

पुढे मला पुष्कळ शेरे मिळाले, काही चांगलेही. पण त्या एका वाक्यावर मी नोकरीत टिकले.

बाहेर तोवर तांडा जमला होता. त्या वर्षांत आमच्या भागात गाड्या फार येत. पाहणीवाले, पॅकेजवाले, पेपरवाले. कोणी किती एकर विचारी, कोणी रात्री झोप लागते का विचारी. तांड्याचे नायक, म्हणजे तिथले जुने, मानाचे पुढारी, आता इतके सरावले होते की कोणीही नवा माणूस दिसला की विचारण्याआधीच सांगू लागत: पाच एकर, कोरडवाहू, चार लेकरं. ओव्हरसियर साहेबांनाही त्यांनी तेच सांगितलं. साहेब म्हणाले, ते ठीक आहे, पण शाळेची पश्चिम कुठली? नायक पश्चिम शोधत मागे वळले. हा प्रश्न कोणत्याच पाहणीत नव्हता.

दोन नव्या खोल्या मंजूर झाल्या होत्या. या दोन खोल्यांवर काय अडलं होतं, ते सांगते. तांड्यावर शाळा चौथीपर्यंत. पाचवीला नाल्यापलीकडच्या गावात जावं लागे. मुलगे सायकलीवर जात. मुली चौथीनंतर कापूस वेचायला जात. खोल्या पूर्ण झाल्याचा दाखला जूनच्या आत मिळाला, तर पाचवीचा वर्ग तांड्यावरच उघडणार होता. माझ्या चौथीत त्या साली सहा मुली होत्या.

खात्याचा नकाशा ठरलेला होता: सरळ भिंती, वर टिन, पुढे पायरी. साहेबांना तसं बांधायचं नव्हतं. त्यासाठी त्यांनी तांड्याची सभा घेतली. फळा बाहेर आणला, मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'लागते', उजवीकडे लिहिलं 'वाचते'. मग लोकांना म्हणाले, मी लिहितो त्यात खोटं दिसलं तर पुसा.

त्यांची कल्पना साधी होती. वीट आडवी न ठेवता उभी, धारेवर ठेवायची. आतली एक ओळ, बाहेरची एक ओळ, मध्ये पोकळी. अधूनमधून एक वीट आडवी घालून दोन्ही ओळी बांधायच्या. विटा कमी लागतात आणि आत कोंडलेली हवा ऊन आत येऊ देत नाही. वाचलेल्या विटांत दक्षिणेला रुंद व्हरांडा. टिनाखाली कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, आणलेल्या बांबूच्या तट्ट्यांचं छत. वर समोरासमोर झरोके.

"हवेनं ऊन थांबते?" नायकांनी विचारलं.

"रजईत काय असते?" साहेब म्हणाले. "कापूस. अन् कापसात काय असते? हवा. भिंतीले हवेची रजई."

"उन्हाळ्यात रजई कोण पांघरते सायब?"

लोक हसले. साहेबही हसले. मग त्यांनी विचारलं की बाजारातला बर्फवाला बर्फ कशात गुंडाळून आणतो. गोणपाटात, लोक म्हणाले. बर्फाला थंडी वाजते म्हणून का? नायक बराच वेळ बर्फाचा विचार करत राहिले.

डाव्या बाजूला साहेबांनी प्रामाणिकपणे सगळं लिहिलं. मिस्त्रीला वेळ जास्त लागेल. खोली हातभर लहान होईल. भिंतीला हवी तिथे खुंटी ठोकता येणार नाही. शेवटचं कलम त्यांनी लिहिलं: 'लोक हसतील.' उजवीकडे पहिलं कलम होतं: 'पोरं दुपारी जागी राहतील.' बायकांत बसलेली नायकांची बायको, जिला सगळा तांडा याडी म्हणजे आई म्हणे, ती तेवढ्यात बोलली, पोरं दुपारी घरी राहणार नाहीत, हेही तिकडेच लिहा. ते लिहिलं गेलं. सभा तिथेच संपली.

बांधायला नामदेव मिस्त्री होता. राळेगावकडचा, पन्नाशीतला, कामात पक्का आणि मनाने हळवा. त्याच्या जोडीला त्याचा साडू. साडू पक्का आळशी. मिस्त्री तीन विटा लावी तेव्हा साडू एक लावी आणि तिच्याकडे कौतुकाने बघत बसे. सुरुवातीला मिस्त्रीला उभी वीट पटेना. साहेबांनी स्वतः लुंगी नेसून पहिले दोन थर लावून दाखवले. ते जरा वाकडे आले. मिस्त्रीने ते काढले आणि सरळ लावले. तिथून दोघांचं जमलं. साहेब आठवड्यातून दोनदा येत, मिस्त्रीच्या डब्यातली चटणी खात आणि डाव्या खिशातला कांदा फोडून त्याला देत. लूसाठी दुसरा कांदा घरून येई.

भिंत कमरेएवढी झाली तेव्हा एका सकाळी नायक आले, बोटाने भिंतीवर टकटक केली, कान लावला. परत टकटक केली. आवाज पोकळ आला.

नायकांचा दोष नव्हता. त्याआधीच्या हंगामात त्यांना बाजारातून मिळालेलं बियाणं निम्मं उगवलंच नव्हतं आणि उगवलं त्याची बोंडं आतून किडीने खाल्ली होती. ते माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "बियाणं पोकळ भेटलं, बोंडं पोकळ निंघाली. आता भिंत बी पोकळ काय मॅडम?"

बातमी तांड्यावरून बाजारात गेली. बाजारात पोचेपर्यंत तिच्यात भर पडली: ओव्हरसियरने भिंतीतल्या विटा खाल्ल्या. आता आमच्याकडे शाळेचं सिमेंट खाणारे, रेती खाणारे लोकांनी पाहिले होते, पण ते बाहेरून खात. आतून भिंत खाणारा माणूस पहिलाच. चहाच्या टपरीवर मिस्त्रीला लोक विचारू लागले, काय नामदेवराव, सायबाचं जेवण झालं काय?

साहेबांना हे कळलं तेव्हा ते खो खो हसले. म्हणाले, तीस वर्षं नोकरी केली, एक वीट खाल्ली नाही, शेवटच्या वर्षी एकदम भिंत खाल्ली. त्या जूनमध्ये ते निवृत्त होणार होते.

मिस्त्री हसला नाही. तो नुसता खाली बघून माल कालवत राहिला. हे मी पाहिलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ मला लागला नाही.

मधे एकदा शाळेच्या कागदांवर सही घ्यायला मी यवतमाळला त्यांच्या घरी गेले. घर स्लॅबचं, एकमजली, पश्चिमेला मोठी उघडी भिंत. आत भट्टी. मला घाम फुटला. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणत असू, त्यांनी पन्ह्याचा ग्लास आणला आणि सांगितलं की हे घर आपल्या भावाने बांधलं. साहेब तेव्हा उमरखेडकडे शाळा बांधत होते आणि दोन वर्षांत त्यांना घराकडे बघायला फुरसत झाली नाही. जिल्हाभर भिंतींचे ताप बघत फिरतात, काकू म्हणाल्या, आणि घरच्या भिंतीला वीस वर्षांत हात लावलेला नाही.

"कायले लावू?" साहेब सही करता करता म्हणाले. "मेहुण्याची भिंत आहे. ताप निंघाला त बोलता येत नाही."

मार्च आला. ज्यांनी सरकारी खात्यात नोकरी केली आहे त्यांना मार्च म्हणजे काय ते सांगायला नको. साहेब यवतमाळच्या कचेरीत कागदांखाली गाडले गेले. महिनाभर त्यांना तांड्यावर फिरकता आलं नाही. तेवढ्यात पश्चिमेची भिंत उठली, टिन चढलं, तट्टे लागले. पश्चिमेच्या भिंतीपलीकडे लगेच नायकांच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, त्यामुळे तिकडे व्हरांडा नव्हता, नुसती भिंत.

आणि मार्च सरता सरता मोठ्या साहेबांकडे, म्हणजे खात्याच्या कार्यकारी अभियंत्यांकडे, एक निनावी अर्ज गेला. भिंती पोकळ असून विटांचा अपहार झाला आहे.

मोठे साहेब एप्रिलमध्ये आले. दुपारी दोन वाजता, जीपमधून, डोक्यावर ओला रुमाल. सकाळची शाळा सुटली होती, पण एक पोर घरी गेलं नव्हतं. तांडा सगळा व्हरांड्यात उभा होता. माझ्या सहा मुली खांबाला धरून होत्या. त्यांना दाखला म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण आज काहीतरी ठरणार आहे, एवढं कळलं होतं. ओव्हरसियर साहेब मागून, राळेगावपर्यंत एसटीने आणि पुढे सायकलवर आले. जीपमध्ये त्यांना जागा दिली नव्हती. चौकशी ज्याची आहे त्याला गाडीत बसवत नाहीत म्हणे.

मोठ्या साहेबांनी वेळ घालवला नाही. पश्चिमेची भिंत फोडून दाखवा म्हणाले. कुठे, असं मिस्त्रीने विचारलं. कुठेही, ते म्हणाले.

मिस्त्रीने छिन्नी-हातोडा घेतला आणि सरळ उजव्या टोकाला गेला. तो इतका निवांत होता की मला नवल वाटलं. आठ-दहा घाव घातले. वीट निघाली. आत पोकळी नव्हती. विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल गच्च भरलेला. मोठे साहेब वाकले, पेन आत घालून बघितलं. पेन आत जाईना.

"भरीव आहे," ते म्हणाले. "कोण रिकामटेकडे अर्ज करतात कोण जाणे." आणि दाखल्याचा कागद मागितला.

व्हरांड्यात सगळ्यांचा श्वास सुटला. नायक मिस्त्रीकडे बघून हसले. मोठ्या साहेबांनी पेनावरची माती झटकली आणि सहीला हात टेकवला. आणि तेव्हा आमचे साहेब पुढे झाले, भिंतीला हाताची मागची बाजू लावली. डोळे अर्धे मिटले.

"थांबा सायब," ते म्हणाले. "हिले ताप आहे."

मी मनातल्या मनात सगळ्या देवांचा धावा केला, कळंबच्या चिंतामणीचा दोनदा, की यांनी आता गप्प बसावं. दोन मिनिटं. सही होईपर्यंत.

ते गप्प बसणारे नव्हतेच. हात भिंतीवर ठेवून ते उजवीकडून डावीकडे सरकत गेले, एकेक पाऊल. भिंतीच्या बरोबर मध्यावर आले आणि थांबले. परत मागे आले. परत पुढे. मग त्यांनी खिशातून खडू काढला आणि वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ मारली.

"इकडची भिंत माही आहे," डावीकडे बोट दाखवून ते म्हणाले. "तिकडची माही नाही. माही भिंत पोकळ आहे सायब. तुम्ही चुकीच्या जागी फोडली. इथं फोडा."

मोठे साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. पोकळ भिंतीच्या तक्रारीची चौकशी, भिंत भरीव निघाली, सुटका झाली, आणि हा माणूस सांगतो आहे की नाही, पोकळच आहे. असा आरोपी त्यांनी पाहिला नसावा.

डावीकडे फोडलं. पोकळ निघाली. पेन आत गेलं ते बोटांतून सुटून पोकळीत पडलं.

आता मिस्त्री खाली बसला. डोक्यावरचा दुपट्टा काढून त्याने तोंड झाकलं. साहेब त्याच्याजवळ उकिडवे बसले. "काहून नामदेवा?"

"सायब, लोक तुमाले विटाखाऊ म्हणून राह्यलते," मिस्त्री दुपट्ट्यातून बोलला. "मले आयकवत नव्हतं. तुम्ही मार्चात अडकले, म्हतलं भरून टाकतो. कोणी टकटक केली त आवाज नको यायले. इकडची बाजू मी भरली. तिकडची साडूले सांगतली होती."

सगळ्यांनी साडूकडे पाहिलं.

"मले कंटाळा आला," साडू म्हणाला.

साहेब हसू लागले. जमिनीवर बसून, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. टेकले ते मात्र डावीकडच्या बाजूला, हे माझ्या लक्षात आहे. मग उठून त्यांनी मोठ्या साहेबांना विनंती केली, रेघेसमोर उभे राहा, एक हात इकडे ठेवा आणि एक तिकडे. मोठ्या साहेबांच्या मनात नव्हतं. पण व्हरांड्यातून शंभर डोळे बघत होते. ते उभे राहिले. दोन्ही हात पसरून, पोट भिंतीला टेकवून, जुनी मैत्रीण भेटावी तसे ते त्या भिंतीला धरून उभे राहिले. ओला रुमाल डोक्यावरून घसरला, तरी हात काढले नाहीत.

एकच भिंत. एकच ऊन. एकच मिस्त्री. उजवा हात त्यांनी आधी काढला. काढला म्हणजे झटकला. डावा तसाच राहिला.

"वाचलेल्या विटा कुठे गेल्या?" त्यांनी विचारलं.

"त्यायच्यावर सगळे उभे आहेत," साहेब म्हणाले. व्हरांड्यातले लोक खाली आपल्या पायांकडे बघू लागले.

मोठे साहेब खोलीत गेले. जरा वेळ बसतो म्हणाले. पाणी मागितलं, प्यायले, तट्ट्यांच्या छताकडे बघत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांनी आमच्याच शाळेचं पेन घेऊन दाखल्यावर सही केली. शेरा लिहिला: 'पश्चिमेकडील भिंत अर्धी पोकळ व अर्धी भरीव आढळली. पोकळ भाग समाधानकारक.' सहा मुलींना सांगायला मी वळले. माझा चेहरा बघून त्या स्वतःच पळत घरी सांगायला गेल्या.

गंमत पुढे आहे. पंधरा दिवसांनी कचेरीतून साहेबांना खुलासा मागणारं पत्र आलं. विटा खाल्ल्याबद्दल नव्हे. भरीव भागात मंजुरीपेक्षा जास्त विटा व सिमेंट वापरल्याबद्दल. ते पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं आणि घडी करून कांद्याच्या खिशात ठेवलं. खुलाशात त्यांनी मिस्त्रीचं नाव घातलं नाही. देखरेखीत माझी कसूर झाली, एवढंच लिहिलं.

मिस्त्री मात्र पोळून निघाला होता. उजवी बाजू पाडून फुकट बांधून देतो म्हणून तो साहेबांच्या मागे लागला. पाया पडायला आला. साहेबांनी त्याला दंडाला धरून उभं केलं.

"येडा आहे काय नामदेवा? ताप आला म्हणून कोणी माणूस काढून टाकते काय? सावलीत ठेवते."

त्या वर्षांत आमच्या भागात हे वाक्य फार जणांनी ऐकायला हवं होतं, असं मला पुढे कितीदा वाटलं. त्यांनी मात्र ते भिंतीबद्दलच म्हटलं होतं.

जूनमध्ये निवृत्तीच्या आठ दिवस आधी ते सायकलच्या कॅरिअरला कडुनिंबाचं रोप बांधून आले. रोप लावायला जागा नायकांच्या धुऱ्यावरच होती. झाड मोठं झालं की त्याच्या सावलीत कापसाचे दोन तास, म्हणजे दोन ओळी, येणार नाहीत, हे त्यांनी नायकांना आधीच सांगितलं. फळ्यावरची सवय. 'लागते' मध्ये हे लिहा, म्हणाले.

"घ्या सायब," नायक म्हणाले. "तसाबी पिकून कोणता भाव भेटून राह्यला."

मिस्त्रीने खड्डा खणला. साडूने पाणी आणलं, अर्धी बादली. साहेबांनी उजव्या भिंतीला हात लावला, रोपाकडे बघितलं, ते तेव्हा गुडघ्याएवढंही नव्हतं. म्हणाले, आठ-दहा वर्षांत उतरेल.

जुलैत पाचवी सुरू झाली. पटावर सहा नावं मी माझ्या हाताने लिहिली. दुपारी कोणी झोपत नसे, त्यामुळे माझं शिकवणं खरोखर कसं आहे ते मला पहिल्यांदाच कळलं. बरं होतं. फार नव्हे, पण बरं. एक मात्र झालं. खोली इतकी थंड की जेवणाच्या सुट्टीत तांड्यातले म्हातारे व्हरांड्यात येऊन आडवे होत आणि त्यांचं घोरणं माझ्या गणिताच्या तासाला साथ देई. 'लागते' च्या रकान्यात हे लिहायचं साहेबांना सुचलं नव्हतं.

माझी पुढे कळंबकडे बदली झाली. साहेब दिवाळीला पोस्टकार्ड पाठवत. त्यात ख्यालीखुशाली नसे, एकच ओळ असे: भिंत कशी आहे? मी तांड्यावर चौकशी करून लिही. एका दिवाळीला कार्ड आलं नाही. मी यवतमाळला गेले. काकूंनी दार उघडलं. आत तसाच उकाडा होता. त्यांनी सांगितलं की शेवटच्या उन्हाळ्यात, पलंगावर पडल्या पडल्या, त्यांनी घरच्या भिंतीला एकदा हात लावला. मी विचारलं, काय म्हणाले? काकू म्हणाल्या, काही नाही. हसले फक्त, आणि माझ्या भावाला शिवी दिली.

गेल्या एप्रिलमध्ये एका प्रशिक्षणासाठी राळेगावला गेले होते. दुपारी वेळ होता, तांड्यावर गेले. शाळा सुटली होती. कडुनिंब टिनाच्या वर गेला आहे. पश्चिमेच्या भिंतीवर खडूची रेघ नाही, पण फोडलेल्या दोन जागा बुजवलेल्या ओळखू येतात. सावलीत कोणीतरी बसलं होतं. जवळ गेले तर नामदेव मिस्त्री. पार थकलेला. मुलीकडे आला होता म्हणाला, तिचं घर पलीकडच्या गावात. दर उन्हाळ्यात एकदा इथे येतो.

मी हाताची मागची बाजू डावीकडे लावली. मग उजवीकडे. मग परत डावीकडे.

"उतरला काय मॅडम?" त्याने विचारलं.

तुम्हीच बघा, मी म्हणाले.

त्याने हात पुढे केला, मग मागे घेतला. दोन्ही पंजे माझ्यासमोर उलटेपालटे करून धरले. चाळीस वर्षांच्या सिमेंटने त्यांचं कातडं पार मेलं होतं. "माह्या हाताले आता काही समजत नाही," तो म्हणाला.

मग तो झाडाला धरून उठला. डोक्यावरची टोपी काढली, काखेत धरली, आणि उजव्या बाजूच्या त्या भिंतीला त्याने हळूच आपला गाल लावला.